विवर रिते होते, विवर भरते
किलाउआ ज्वालामुखीच्या दोनशे वर्षांचा अभ्यास

ज्वालामुखी म्हटला की शंकूच्या आकाराचा उंच पर्वत, त्याच्या माथ्यावरील विवर आणि त्या विवरातून उसळणारा अग्निरस असे चित्र सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर उभे राहते. या चित्रात विवर हे केवळ एक तोंड असते. त्यातून लाव्हा बाहेर पडतो आणि उतारावरून वाहून जातो. प्रत्यक्षात मात्र अनेक ज्वालामुखींच्या बाबतीत विवराचे कार्य याहून बरेच व्यापक आहे. विवर हे एखाद्या साठवण तलावासारखे असते. त्यात लाव्हा साचतो, थिजतो, पुन्हा वितळलेल्या रसाने उचलला जातो, कधी काठोकाठ भरतो, तर कधी तळातील रस अन्यत्र निघून गेल्यामुळे एकाएकी खचून रिता होतो. भरणे आणि रिते होणे यांचा हा क्रम ज्याला नीट वाचता येतो, त्याला जमिनीखाली काय चालले आहे याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो. या अभ्यासाला प्रशांत महासागरातील हवाई बेटावरील किलाउआ ज्वालामुखीइतके चांगले क्षेत्र जगात क्वचितच आढळेल.

किलाउआची रचना

हवाई बेटे ही महासागराच्या तळापासून वर आलेल्या ज्वालामुखींची रांग होय. पृथ्वीच्या प्रावरणातून येथे दीर्घकाळ उष्ण द्रव्य वर येत आहे आणि त्याच्यावरून प्रशांत महासागराचा भूपट्ट दर वर्षी काही सेंटिमीटर या वेगाने वायव्येकडे सरकत आहे. त्यामुळे जुनी बेटे दूर जाऊन शांत झाली आणि रांगेच्या आग्नेय टोकास असलेल्या सर्वांत तरुण बेटावर, म्हणजे हवाई बेटावर, आजचे जागृत ज्वालामुखी आहेत. किलाउआ हा त्यांपैकी एक. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२४७ मीटर असून त्याचा आकार उंच सुळक्यासारखा नसून जमिनीवर पालथ्या ठेवलेल्या ढालीसारखा आहे. बेसाल्टी लाव्हा पातळ असतो, तो लांबवर पसरतो आणि म्हणून त्याचे डोंगर रुंद व सौम्य उताराचे बनतात.

किलाउआच्या माथ्यावर सुमारे ५ किलोमीटर लांब व ३ किलोमीटर रुंद असे एक महाकुंड आहे. महाकुंड म्हणजे खालील आधार नाहीसा झाल्यामुळे जमीन खचून तयार झालेला विस्तीर्ण खळगा. या महाकुंडाच्या आत, त्याच्या नैर्ऋत्य भागात हालेमाउमाउ नावाचे विवर आहे. हवाईच्या परंपरेनुसार ज्वालामुखीची देवता पेले हिचे हे निवासस्थान होय, आणि तेथील मूळ रहिवाशांच्या मनात या स्थानाविषयी आजही पूज्यभाव आहे.

विवराखाली सुमारे १ ते २ किलोमीटर खोलीवर शिलारसाचा एक साठा आहे आणि त्याहून खाली, काही किलोमीटरांवर, दुसरा अधिक मोठा साठा आहे. या साठ्यांतून दोन वाटा फुटतात. एक वाट सरळ वर विवराकडे जाते. दुसरी वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते. पूर्वेकडे आणि नैर्ऋत्येकडे जमिनीत भेगांचे लांबच लांब पट्टे आहेत आणि त्या भेगांतून शिलारस माथ्यापासून कित्येक किलोमीटर दूर जाऊ शकतो. माथ्यावरील विवर आणि पूर्व पट्ट्यावरील गावे यांच्यामध्ये चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचे अंतर असले तरी भूगर्भात ती एकाच नळाने जोडलेली आहेत. पुढील सर्व इतिहास समजण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

लाव्ह्याचे सरोवर कसे भरते ?

विवरात लाव्हा साचू लागला म्हणजे हौदात पाणी भरावे तशी पातळी नुसती वर चढत जाते असे नाही. बाहेर पडणाऱ्या लाव्ह्याचे तापमान सुमारे १,१५० अंश सेल्सियस असते. हवेचा स्पर्श होताच त्याचा पृष्ठभाग काळा पडतो व त्यावर साय धरावी तशी साल धरते. खालचा रस हलत असल्यामुळे या सालीचे मोठमोठे तुकडे होतात. ते संथपणे सरकतात, एकमेकांवर आदळतात आणि कडेला जाऊन पुन्हा रसात बुडतात. तुकड्यांमधील फटींतून खालचा तांबूस रस दिसतो. रात्रीच्या वेळी सरोवरावर तेजस्वी रेषांचे जाळे पसरल्यासारखे दिसते, ते यामुळेच.

सरोवर तीन प्रकारांनी वाढते. पहिला प्रकार म्हणजे लाव्हा काठावरून ओसंडून विवराच्या तळावर पसरणे. असे एकावर एक थर बसून तळ उंचावतो. दुसऱ्या प्रकारात काठावर उडणाऱ्या व थिजणाऱ्या लाव्ह्याचे बांध आपोआप तयार होतात आणि सरोवर आपल्याच बांधांच्या आत भोवतालच्या तळापेक्षा उंच चढते. तिसरा प्रकार वरवर पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. नवा रस थिजलेल्या सालीच्या खालून शिरतो आणि संपूर्ण तळच, वरील खडकांसह, सावकाश उचलला जातो. पृष्ठभागावर एक थेंबही नवीन लाव्हा दिसत नसताना विवराचा तळ वर येत राहतो, याचे कारण हेच होय.

रसातील वायूंचा भागही महत्त्वाचा आहे. खोलवर दाबाखाली विरघळलेले वायू वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने सुटतात. बुडबुड्यांनी भरलेला रस हलका असल्यामुळे वर चढतो. वायू निघून गेला म्हणजे तोच रस जड होऊन खाली ओढला जातो. उद्रेक थांबताच साचलेला लाव्हा ज्या तोंडातून आला त्याच तोंडात भोवऱ्यासारखा परत जाताना अनेकदा दिसला आहे. त्यामुळे विवरातील पातळी ही किती रस आला एवढ्यावरच ठरत नाही. किती राहिला आणि किती परत गेला यावरही ठरते.

१९२४ चा धडा

किलाउआच्या विवराचे लिखित वर्णन १८२३ पासून उपलब्ध आहे. त्या वर्षी विल्यम एलिस या इंग्रज धर्मोपदेशकाने तेथे भेट देऊन उकळत्या लाव्ह्याने व्यापलेल्या तळाचे वर्णन केले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे, अधूनमधून खंड पडला तरी, विवरात लाव्ह्याचे सरोवर कायम असल्यासारखेच होते. त्याच्या काठावर १९१२ मध्ये भूशास्त्रज्ञ थॉमस जॅगर यांच्या पुढाकाराने हवाई ज्वालामुखी वेधशाळा स्थापन झाली. ज्वालामुखी पेटल्यावर तेथे धावत जाण्यापेक्षा त्याच्या शेजारी राहून त्याच्या रोजच्या हालचालींची नोंद ठेवावी, तरच जीवितहानी टाळता येईल, ही जॅगर यांची भूमिका होती.

या नोंदींचे महत्त्व १९२४ मध्ये सिद्ध झाले. फेब्रुवारीत सरोवरातील लाव्हा उतरून दिसेनासा झाला. एप्रिलमध्ये पूर्व पट्ट्यावरील कापोहो या गावाच्या परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले, जमिनीला भेगा पडल्या व काही भूभाग खचला. त्याच सुमारास माथ्यावरील विवराचा तळही खोल जाऊ लागला. मे महिन्यात विवरातून प्रचंड स्फोट झाले. धूळ व वाफ यांचे लोट उठले आणि कित्येक टन वजनाचे खडक दूरवर फेकले गेले. एका व्यक्तीचा त्यात मृत्यू झाला. स्फोट थांबले तेव्हा विवराची रुंदी दुपटीहून अधिक होऊन सुमारे एक किलोमीटर झाली होती आणि खोली सुमारे ४०० मीटर झाली होती. तळातील आधार गेल्यामुळे कडे ढासळले आणि तापलेल्या खडकांशी भूजलाचा संबंध येऊन वाफेचा दाब वाढला, असे या स्फोटांचे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले गेले आहे.

यावरून एक विचार पुढे आला. भरलेले विवर पाहताना भय वाटते हे खरे; परंतु ते उघडे असते, वायूंना वाट असते आणि पातळी डोळ्यांना दिसते. विवर झपाट्याने रिते होऊ लागले तर त्यातील रस दुसरीकडे कोठेतरी निघाला आहे असे समजले पाहिजे, आणि तो कोठे निघाला आहे याचा शोध तातडीने घेतला पाहिजे.

थेंबे थेंबे भरलेले विवर

१९२४ च्या खड्ड्यात भर पडण्यास त्याच वर्षीच्या जुलैमध्ये प्रारंभ झाला. १९२४ ते १९३४ या काळात सात लहान उद्रेक झाले आणि प्रत्येकाने तळाशी एकेक थर घातला. त्यानंतर तब्बल १८ वर्षे माथा शांत राहिला. १९५२ मध्ये १३६ दिवस चाललेल्या उद्रेकाने आणि १९६७-६८ मध्ये २५१ दिवस टिकलेल्या सरोवराने तळ पुष्कळ वर आणला. १९७४ व १९८२ मधील लहान उद्रेकांनंतर विवराची खोली सुमारे ८५ मीटर उरली होती. चारशे मीटर खोल खड्ड्याचा बहुतेक भाग भरून निघण्यास अशा रीतीने अर्धे शतक लागले.

या काळातील दुसरे उदाहरण शेजारच्या किलाउआ इकी या विवराचे आहे. 'इकी' म्हणजे लहान. १४ नोव्हेंबर १९५९ रोजी या विवराच्या भिंतीतून उद्रेक सुरू झाला. पाच आठवड्यांत त्याची १७ आवर्तने झाली. एका आवर्तनात लाव्ह्याचे कारंजे सुमारे ५८० मीटर उंच गेले. विवरात शंभर मीटरांहून अधिक खोल सरोवर साचले. प्रत्येक आवर्तनानंतर बराचसा लाव्हा उगमाकडे परत गेला आणि पुढच्या वेळी पुन्हा वर आला.

डिसेंबरात हा उद्रेक संपला. परंतु भूगर्भातील दाब ओसरला नव्हता. १३ जानेवारी १९६० रोजी पूर्व पट्ट्यावर, कापोहो गावाजवळ जमीन फाटली आणि लाव्ह्याने ते गाव गिळून टाकले. त्याच वेळी दूरवरील माथा खचू लागला. १९२४ मध्ये ज्या गावात भेगा पडल्या होत्या, तेच हे गाव.

किलाउआ इकीच्या सरोवराने शास्त्रज्ञांना आणखी एक विद्यालय उपलब्ध करून दिले. त्याच्या थिजलेल्या सालीवर यंत्रे नेऊन १९६० पासून वेळोवेळी छिद्रे पाडण्यात आली आणि साल किती जाड झाली, तिच्याखाली रस किती उष्ण आहे, यांची मापे घेण्यात आली. सरोवर संपूर्ण घट्ट होण्यास सुमारे ३५ वर्षे लागली. खडक हा उष्णतेचा मंद वाहक आहे. साल जसजशी जाड होते तसतशी ती खालच्या रसाला पांघरुणासारखी उबदार ठेवते. जाडी दुप्पट व्हावयाची तर स्थूलमानाने चौपट काळ लागतो. म्हणूनच वरून चालता येण्याजोगे दिसणारे विवर आतून वर्षानुवर्षे पेटलेले असू शकते.

२०१८ ची उलथापालथ

१९८३ पासून किलाउआच्या पूर्व पट्ट्यावरील पूऊ ओओ या तोंडातून जवळजवळ अखंड लाव्हा वाहत होता. मार्च २००८ मध्ये माथ्यावर हालेमाउमाउच्या तळाशीही एक नवे तोंड उघडले आणि त्यात लाव्ह्याचे सरोवर दिसू लागले. दहा वर्षांत ते रुंदावत गेले. या सरोवराने शास्त्रज्ञांना एक नैसर्गिक दाबमापक मिळवून दिला. जमिनीचा कल मोजणारी संवेदनशील उपकरणे माथा फुगत असल्याचे दाखवीत तेव्हा सरोवराची पातळी चढे. माथा आकसला की पातळी उतरे. एकाच नळातील दाब दोन प्रकारांनी वाचता येत होता.

एप्रिल २०१८ च्या अखेरीस सरोवर काठावरून ओसंडून विवराच्या तळावर पसरले. दाब अतिशय वाढल्याची ती खूण होती. ३० एप्रिल रोजी पूऊ ओओचा तळ कोसळला आणि पूर्वेकडे भूकंपांची मालिका सरकू लागली. शिलारस भूगर्भातून पुढे चालला आहे हे भूकंपमापकांनी दाखविले आणि नागरी संरक्षण यंत्रणेस इशारा देण्यात आला. ३ मे रोजी लेइलानी या वसाहतीतील रस्त्यावर जमीन दुभंगून लाव्हा बाहेर आला. दुसऱ्या दिवशी ६.९ प्रतीचा भूकंप झाला. पुढील आठवड्यांत एकूण २४ भेगा उघडल्या. त्यांपैकी आठव्या क्रमांकाच्या भेगेतून लाव्ह्याची नदीच वाहू लागली व ती समुद्राला मिळाली. सातशेहून अधिक घरे व इमारती नष्ट झाल्या. सुमारे ३५ चौरस किलोमीटर भूमी लाव्ह्याखाली गेली. कापोहोचा उपसागर बुजला आणि तेथे नवी किनारपट्टी तयार झाली. १९६० नंतर त्या भागात पुन्हा वसलेली घरेही गेली. एका शतकाच्या आत कापोहोवर आलेले हे तिसरे संकट.

या अवधीत माथ्यावर काय चालले होते ? २ मेपासून सरोवराची पातळी उतरू लागली आणि काही दिवसांतच ते दृष्टीआड झाले. खालील साठा रिकामा होत होता आणि त्याच्यावरील खडकाचे छत टप्प्याटप्प्याने खाली बसत होते. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत असे ६२ मोठे खचाव झाले. प्रत्येक वेळी सुमारे पाच प्रतीच्या भूकंपाएवढा हादरा बसे. विवराच्या काठावरील वेधशाळेच्या इमारतीची एवढी हानी झाली की शास्त्रज्ञांना तेथून हलावे लागले. ऑगस्टमध्ये उद्रेक ओसरला तेव्हा विवराचा तळ सुमारे ५०० मीटर खाली गेला होता. एकावर एक सहा कुतुबमिनार उभे केले तरी ते या खड्ड्यात मावले असते. खचलेल्या भागाचे आकारमान सुमारे ८० कोटी घनमीटर भरले.

एवढ्या मोठ्या उत्पातात लाव्ह्यात सापडून एकही मनुष्य मृत्युमुखी पडला नाही. यामागे शंभर वर्षांच्या नोंदी, उपकरणांचे जाळे आणि वेळेवर केलेले स्थलांतर होते. पण घरे वाचविता आली नाहीत. लेइलानी ही वसाहत लाव्ह्याच्या धोक्याच्या नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या, क्षेत्रात दाखविलेली होती. हा नकाशा १९७४ पासून प्रसिद्ध होता. धोका ठाऊक असणे आणि त्या ज्ञानानुसार वस्तीची आखणी करणे या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते, हे २०१८ च्या घटनेने दाखवून दिले.

पाण्याचे सरोवर आणि पुन्हा लाव्हा

विवराचा तळ इतका खोल गेला की तो भूजलाच्या पातळीच्याही खाली होता. त्यामुळे जुलै २०१९ मध्ये, लिखित इतिहासात प्रथमच, हालेमाउमाउच्या तळाशी पाणी साचलेले दिसले. भोवतालच्या खडकांतून झिरपणाऱ्या या उष्ण पाण्याची खोली डिसेंबर २०२० पर्यंत सुमारे ५० मीटर झाली. ही घटना चिंतेची होती. पाणी आणि शिलारस यांची भेट स्फोटक ठरू शकते. १७९० मध्ये किलाउआच्या स्फोटात केओउआ या सरदाराच्या सैन्याची एक तुकडी मृत्युमुखी पडली होती. शिवाय भूस्तरांच्या अभ्यासावरून असे दिसते की इ. स. १५०० च्या सुमारास सध्याचे महाकुंड खचून तयार झाल्यानंतर सुमारे तीनशे वर्षे किलाउआचे वर्तन बहुतांशी स्फोटक होते. पेलेच्या आख्यानात तिची बहीण हिइआका क्रोधाने जमीन खोल खणीत जाते, अशी कथा आहे; तीत त्या प्राचीन खचण्याची स्मृती जपली गेली असावी, असे काही भूशास्त्रज्ञांचे मत आहे.

२० डिसेंबर २०२० च्या रात्री विवराच्या भिंतीत भेगा उघडल्या आणि लाव्ह्याचे प्रपात थेट त्या पाण्यात कोसळले. काही तासांतच सर्व पाण्याची वाफ झाली. बाष्पाचा प्रचंड स्तंभ आकाशात गेला, परंतु ज्याची धास्ती होती तसा विनाशक स्फोट झाला नाही. लाव्हा वरून पडला होता. पाणी तळातील रसात कोंडले गेले नव्हते. पाण्याच्या जागी आता लाव्ह्याचे सरोवर आले आणि त्यात थिजलेल्या खडकाचे एक बेट तरंगू लागले.

मे २०२१ मध्ये हा उद्रेक थांबला तेव्हा सरोवराची खोली २२९ मीटर झाली होती. २९ सप्टेंबर २०२१ रोजी दुसरा उद्रेक सुरू झाला व तो ९ डिसेंबर २०२२ पर्यंत चालला. त्याने तळ आणखी सुमारे १४३ मीटर उंचावला.

उंची आणि आकारमान यांचे गणित

या दोन उद्रेकांच्या आकड्यांत विवर भरण्याच्या क्रियेचे मर्म दडलेले आहे. पहिल्या उद्रेकात सुमारे ४ कोटी १० लाख घनमीटर लाव्हा आला आणि तळ २२९ मीटर वर चढला. दुसऱ्या उद्रेकात सुमारे ११ कोटी १० लाख घनमीटर, म्हणजे पावणेतीन पट लाव्हा आला. पण तळ केवळ १४३ मीटर चढला. विवराचा आकार नरसाळ्यासारखा आहे. बुडाशी ते अरुंद असल्यामुळे थोड्या रसाने पातळी भराभर वाढते. वर ते रुंद असल्यामुळे तेवढाच रस विस्तीर्ण क्षेत्रावर पसरतो आणि पातळी मंदावते.

दोन्ही मिळून तळ सुमारे ३७२ मीटर उंचावला. ५०० मीटरांच्या मानाने पाहता विवर तीन-चतुर्थांश भरले असे वाटेल. परंतु आकारमान पाहता, ८० कोटी घनमीटरांपैकी जेमतेम १५ कोटी घनमीटर, म्हणजे एकपंचमांशाहूनही कमी भाग भरला होता. केवळ खोलीच्या आकड्यावर विसंबणाऱ्याची दिशाभूल होते, ती अशी. खोलातून किलाउआला मिळणारा शिलारसाचा पुरवठा स्थूलमानाने वर्षाला १० कोटी घनमीटर धरला जातो. हा सर्व रस विवरात आला असता तर २०१८ चा खड्डा आठ वर्षांत भरला असता. पण सर्व रस वर येत नाही; काही भाग भूगर्भातील रिते झालेले साठे भरण्यात खर्च होतो, काही भेगांत शिरून तेथेच थिजतो. जून २०२४ मध्ये महाकुंडाच्या नैर्ऋत्येस आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्व पट्ट्यावरील नापाउ विवराच्या परिसरात झालेले अल्पकालीन उद्रेक, रस पुन्हा आडव्या वाटा शोधू लागल्याचे दर्शवितात.

२३ डिसेंबर २०२४ पासून विवरात वेगळ्या प्रकारची क्रिया सुरू झाली. विवराच्या नैर्ऋत्य बाजूच्या दोन तोंडांतून लाव्ह्याची कारंजी उसळावीत, काही तासांत ती थांबावीत, काही दिवसांची शांतता जावी आणि पुन्हा कारंजी उसळावीत, असा क्रम २०२५ मध्ये चालू राहिला व आवर्तनांची संख्या तीसच्या पुढे गेली. काही कारंजी ३०० मीटरांहूनही उंच गेली. आवर्तनापूर्वी तोंडाशी लाव्हा चढतो, ओसंडतो व पुन्हा आत जातो. माथा हळूहळू फुगतो. कारंजे सुरू होताच माथा झपाट्याने आकसतो. १९५९ मध्ये किलाउआ इकीत दिसलेल्या आवर्तनांची येथे आठवण होते. कलमापकांच्या नोंदींवरून पुढील आवर्तन कोणत्या दिवसांत येईल याचा अंदाज शास्त्रज्ञ जाहीर करू लागले. विवरातील लाव्हा वस्तीपर्यंत येत नसला तरी सल्फर डाय-ऑक्साइड वायू, त्यापासून होणारे धुके आणि काचेच्या केसांसारखे तंतू वाऱ्याबरोबर गावांत पोहोचतात. श्वसनाचे विकार असणाऱ्यांना आणि पावसाचे पाणी साठवून वापरणाऱ्या कुटुंबांना त्याचा उपद्रव होतो.

सह्याद्रीच्या कड्यांशी असलेले नाते

महाराष्ट्रात आज जागृत ज्वालामुखी नाही. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. दीड शतकाहून अधिक काळ शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. तथापि किलाउआच्या विवरात जो खडक आज घडत आहे, त्याच जातीचा बेसाल्ट महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागाचा पाया आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. घाटातून जाताना कड्यांमध्ये दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या, सच्छिद्र दगडांचे पट्टे आणि दोन थरांमधील तांबड्या मातीची रेघ ही त्या थरांचीच साक्ष होय. थराच्या माथ्यावरील छिद्रे म्हणजे निसटू पाहणाऱ्या वायूंचे बुडबुडे. तांबडी रेघ म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांततेचा काळ. अजिंठा व वेरूळ येथील लेणी याच पाषाणात कोरलेली आहेत.

मात्र दख्खनचा लाव्हा प्रामुख्याने लांब भेगांमधून आला. एखाद्या प्रचंड विवरातून नव्हे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर पाहून ते ज्वालामुखीचे मुख असावे असे अनेकांना वाटते. पण सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये निर्माण झालेले आहे, हे संशोधनाने निश्चित झाले आहे. लोणारचे विवर ज्याने पाहिले आहे, त्याला २०१८ नंतरच्या हालेमाउमाउच्या विस्ताराची कल्पना सहज येईल; रुंदीने ते लोणारपेक्षा काहीसे मोठे आणि खोलीने कितीतरी अधिक होते.

निरीक्षणाचे मोल

दोनशे वर्षांच्या या इतिहासातून काही निष्कर्ष स्पष्ट होतात. विवराचे भरणे संथ असते आणि त्याला दशके लागू शकतात. त्याचे रिते होणे आठवड्यांत घडते. विवरातील पातळी हा भूगर्भातील दाबाचा निदर्शक आहे. ती अतिशय चढली अथवा एकाएकी उतरली, तर दूरच्या भेगांकडे लक्ष दिले पाहिजे. माथ्यावरील साठा आणि पायथ्याची गावे एकाच नळाने जोडलेली असल्यामुळे केवळ विवराभोवती कुंपण घालून संरक्षण साधत नाही. १९२४, १९६० आणि २०१८ या तिन्ही वेळी माथ्यावरील घडामोडींचा पडसाद कापोहोच्या भूमीवर उमटला.

किलाउआचे विवर भरत आहे, आणि ते पुन्हा कधी तरी रिते होणार हेही पूर्वानुभवावरून धरून चालले पाहिजे. तो दिवस मनुष्याला टाळता येणार नाही. त्या दिवशी घरांत कोणी झोपलेले असू नये एवढे मात्र त्याच्या हाती आहे, आणि त्यासाठीच विवराच्या काठावरील उपकरणे रात्रंदिवस नोंदी घेत असतात.